तिवराचं पान चाटून बघा

कांदळवनं, म्हणजे खाडीकाठची खारफुटीची जंगलं, लाटा अडवतात हे तुमच्या त्यावरच्या लेखात छान आलंय, पण ती झाडं खाऱ्या पाण्यात जगतात कशी, हे मुलांना आधी सांगायला हवं. आमच्या आचऱ्याच्या खाडीत तिवर या खारफुटीच्या झाडाचं पान चाटलं की जीभ खारट होते. मुळांतून आलेलं मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं. कांदळ या खारफुटीच्या दुसऱ्या जातीचं बी तर झाडावरच रुजतं, हिरव्या शेंगेसारखं लोंबतं, आणि ओहोटीला पडलं तर चिखलात उभंच रुततं. २०२० मध्ये पांढरी चिपी या खारफुटीच्याच एका झाडाला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला, तरी खाडीकाठी राडारोडा टाकणं थांबलेलं नाही. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं श्वास घेण्यासाठी असतात हो! ती राडारोड्याखाली बुजली की झाड गुदमरतं. आमच्या वाडीखालची चार तिवरं अशीच वाळली.