बांबोळीला कोण कशाला जातं, याची चौकशी

आज सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी विचारलं, "तो अमक्याचो चलो दर म्हयन्याक बांबोळी कित्याक वता? कोणाक खबर आसा?" (म्हणजे, अमक्याचा मुलगा दर महिन्याला बांबोळीला का जातो? बांबोळी म्हणजे आमचं मोठं सरकारी इस्पितळ, गोवा मेडिकल कॉलेज, गोमेकॉ.) पुढे दोन हात जोडलेले. मग काळजीवाल्यांची रांग लागली. कोणी डायलिसिस म्हणालं, कोणी डोक्याचं काहीतरी म्हणालं. एका महाभागाने डोळा मारणारा चेहरा टाकून एवढंच लिहिलं: "लग्न पण करत नाही ना अजून!" झालं, सगळ्यांना जे कळायचं ते कळलं. मुलगा त्याच ग्रुपमध्ये होता. दुपारपर्यंत बाहेर पडला. मी दोन ओळी सुनावल्या त्या ॲडमिनने उडवल्या, म्हणून आता इथे.

त्या मुलाला काय झालंय ते मला माहीत नाही, आणि माहीत असण्याचं काही कारणही नाही. पण लग्न नाही आणि बांबोळीला फेऱ्या आहेत, ही बेरीज आपल्याकडे कुठे जाऊन थांबते ते पक्कं माहीत आहे. याच बेरजेच्या भीतीने माझा एक मित्र चोर्ला घाट चढून बेळगावहून एचआयव्हीच्या गोळ्या आणायचा. (त्याला विचारूनच लिहितोय. कोण, कुठला, या भानगडीत पडू नका.)

गोळ्या फुकट आहेत. 2004 पासून सरकार फुकट देतं. आता तर बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. गोमेकॉ त्याच्या घरापासून एका बसच्या अंतरावर. तरी हा बेळगावला! कारण काय, तर वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, एक बाई गोमेकॉत कामाला. कुठल्या विभागात, तेही त्याला ठाऊक नव्हतं. कॉरिडॉरमध्ये ती समोर आली तर काय सांगायचं, एवढ्यावरच गाडी अडली. आता खरं सांगायचं तर त्या बाईने आजवर कोणाबद्दल चकार शब्द काढलेला मी ऐकलेला नाही. असेल, चांगली असेल. पण ती चांगली आहे की नाही, याची परीक्षा त्याने स्वतःच्या जिवावर का घ्यावी?

घरी सांगायचा, कापड बघायला चाललो. परत आला की बाटलीचं लेबल खोबरेल लावून खरवडायचा, गोळ्या मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीत ओतायचा आणि वर कापसाचा बोळा कोंबायचा, बॅगेत खुळखुळायला नको म्हणून. हे मी त्याच्या खोलीत बसून बघितलंय. नखात गोंद अडकलेला, आणि कान आईच्या चपलांच्या आवाजाकडे.

लोक म्हणतात गोवा कसा मोकळा! बागा, हणजूणच्या किनाऱ्यावर मुलगे हातात हात घालून फिरतात, रीलमध्ये छानच दिसतात. सत्तरी तालुक्यातल्या खेड्यातल्या मुलाला त्याचं काय? त्याला शेवटच्या कदंब बसने घरी यायचं असतं, आणि कंडक्टर त्याच्या मावशीच्या गावचा असतो.

आणि मोकळ्या गोव्याचं एक जुनं पान उघडतो, नव्या पोरांना माहीत नसेल. 1989. पर्राचे डॉमनिक डिसोझा. माणूस रक्तदान करायचा, त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. पोलिसांनी नेलं आणि म्हापशात टीबीच्या रिकाम्या इस्पितळात 64 दिवस कोंडून ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. आई, लुसी डिसोझा, हायकोर्टात गेली तेव्हा सुटका. 1992 मध्ये डॉमनिकनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि त्याच वर्षी गेले. तेव्हा निदान ज्याच्याविरुद्ध कोर्टात जावं असं एक सरकार समोर होतं. वाड्याविरुद्ध कुठल्या कोर्टात जायचं?

हो, मान्य, माझे बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला हाच वाडा होता. चवथीला गणपतीवरची माटोळी बांधायलाही हाच येतो. येतो ना. म्हणूनच तर त्याच्या नजरेतून उतरायची एवढी धास्ती. ज्या शेजाऱ्याशी काही देणंघेणं नाही त्याला कोण भितो?

तर माझा मित्र. एका पावसाळ्यात घाट बंद पडला, झाडं आणि दरड. गोळ्या संपल्या. रस्ता खुला झाला तरी हा गेला नाही. वजन उतरलं, तोंडात पांढरे चट्टे आले. घरचे म्हणाले, उष्णता झाली, कोकम सरबत पी.

आता आपल्या, म्हणजे समलिंगी लोकांबद्दल. होय, आपल्याच. वाड्याला शिव्या घालणं सोपं आहे. डेटिंग ॲपवर 'फक्त क्लीन मुलगे', म्हणजे एचआयव्ही नसलेलेच, असं लिहिणारे कोण? काका नाहीत ते. माझ्या मित्राचं निदान झालं तेव्हा पणजीच्या आमच्या गोतावळ्यात एकाने दुसऱ्याला कळवलं, 'त्याच्यापासून जरा जपून'. शनिवारी ताळगावला जमायचो तिथे याचा ग्लास वेगळा दिसायला लागला. ग्लासातून एचआयव्ही? शिकलेली माणसं! इंजिनिअर आहेत त्यात!

पण त्याला परत गोळ्यांवर आणला तोही त्याच गोतावळ्यातल्या एकाने. म्हापशाचे, आमच्यात सगळ्यात मोठे, आम्ही दादा म्हणतो. एका शनिवारी सगळ्यांसमोर त्यांनी आपलाच रिपोर्ट टेबलावर ठेवला, चकल्यांच्या शेजारी. व्हायरल लोड: टार्गेट नॉट डिटेक्टेड. म्हणजे रक्तात एचआयव्ही सापडत नाही. कित्येक वर्षं गोळ्या घेत होते, आम्हाला कोणालाच पत्ता नव्हता. खोलीत कोणी बोलेना. मग मित्राकडे वळून म्हणाले, "सोमवारी आपण दोघं जायचं. कोणी विचारलं तर सांग, ह्या म्हाताऱ्याची शुगर तपासायला आणलाय." गेले. काउन्सेलर मुलगी धीर देणारी निघाली. आज त्याचाही विषाणू तपासणीत सापडत नाही, आणि तसा तो राहिला तर शरीरसंबंधातून कोणाला लागण होत नाही. 2019 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय: शेकडो समलिंगी जोडपी, एक पॉझिटिव्ह, एक नाही, कंडोम नाही, आणि गोळ्यांनी विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून लागण शून्य.

दादांसारखा एक जण प्रत्येकाच्या ओळखीत असता तर चोर्ला घाट कशाला चढावा लागला असता?

6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 गेलं तेव्हा आपण पेढे वाटले. चारच दिवसांनी, 10 तारखेला, एचआयव्हीचा कायदा लागू झाला, तो कोणाच्या लक्षातही नाही. मोजके अपवाद सोडले तर माणसाच्या संमतीवाचून त्याचं एचआयव्हीचं निदान उघड करता येत नाही. त्यावरून नोकरी, भाड्याची खोली, उपचार नाकारता येत नाहीत. एचआयव्ही असलेल्यांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. काकांना यात कोणी धरणार नाही, धरावं असंही मला वाटत नाही. सकाळी वाटत होतं.

बाकी चर्चा नंतर. कोणाला तपासणी कुठे होते, गोळ्या कुठे मिळतात ते विचारायचं असेल तर 1097 फिरवा, फुकट आहे, नावही सांगावं लागत नाही. फोंड्याहून एकट्याने जायला धीर होत नसेल तर इनबॉक्समध्ये या, माझ्या स्कूटरची मागची सीट रिकामीच असते. आणि "पण रिस्क तर असतेच ना" असं कमेंटमध्ये लिहायला निघालेल्यांनी लॅन्सेटची ओळ पुन्हा वाचावी, मग टाइप करावं.