ॲल्युमिनियमचे दोन अवतार

विज्ञान शिकवायला लागल्यापासून माझं एकच स्वप्न आहे. पेपर मी काढावा आणि तपासावा मात्र दुसऱ्या कुणीतरी. बायकोला एकदा विचारून पाहिलं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यामुळे प्रशिक्षणात 'ऑनलाइन चाचणी आपोआप तपासली जाते' हे वाक्य कानावर पडताच मी डुलकीतून असा ताठ झालो, की शेजारच्या गणिताच्या बाईंना वाटलं प्रशिक्षण संपलं.

त्याच रात्री दहा प्रश्नांचा फॉर्म बनवला. पर्याय दिले की मुलं अंदाजपंचे टिचक्या मारतात, म्हणून सगळे प्रश्न एका शब्दात उत्तरं लिहायचे. कसला आत्मविश्वास होता!

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. ४० मुलांच्या वर्गात सर्वाधिक गुण तीन. ते मिळवणारी मुलगी रडत होती, कारण तिला आयुष्यात कधी दहापैकी तीन पडले नव्हते. शून्यवाली मुलं मात्र मजेत होती. एवढी सोबत त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती.

मग उत्तरं उघडली. मी उत्तरसूचीत 'ऑक्सिजन' लिहिलं होतं. मुलांनी ऑक्सीजन, आक्सिजन, ऑक्सिजन वायू, प्राणवायू, प्राणवायु असं जमेल ते लिहिलेलं. एकाने नम्रपणे 'ऑक्सिजन आहे सर' असं पूर्ण वाक्य लिहिलं होतं. ही सगळी चूक! तपासनीसाला अक्षर न् अक्षर जुळायला हवं होतं.

तरी हे समजण्यासारखं होतं. पण ॲल्युमिनियम? एका मुलाचं उत्तर आणि माझं उत्तर शेजारी शेजारी ठेवून, स्क्रीनला नाक लावून पाहिलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं तेच. तरी चूक! शेवटी त्या मुलालाच बोलावलं. तो म्हणाला, "सर, मी आधी अ काढला आणि वर चंद्र दिला." मी मात्र कीबोर्डवरचा तयार 'ॲ' दाबला होता. हा अख्खा 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आला. त्याआधी अ आणि चंद्र जोडूनच काम भागायचं, आणि अजूनही कित्येकजण तसंच भागवतात. डोळ्यांना दोन्ही एकच, पण संगणकाच्या लेखी एक अक्षर आणि दोन अक्षरं. एवढी वर्षं मी मुलांना 'जे दिसतं ते नीट बघा' असं शिकवत आलो होतो.

उत्तरसूचीत एकाहून जास्त उत्तरं घालता येतात, हे मग कळलं. घालत बसलो. ऑक्सिजनची सात रूपं झाली. 'प्रानवायु' टाइप करताना मागून मराठीच्या बाई डोकावल्या. "ही बरोबर उत्तरं?" मी हो म्हणालो. त्या दिवसापासून त्या माझ्याशी फार जपून, शुद्ध बोलतात.

रात्री साडेअकरापर्यंत ४०० उत्तरं स्वतःच तपासली. कागदावर तासाभरात उरकली असती, शिवाय लाल पेनाचं सुख वेगळंच.

मला वाचवलं ते प्लिकर्स नावाच्या ॲपने. यात मुलांना फोन लागत नाही, टाइप करायचं नाही. प्रत्येकाला कागदाचं एक कार्ड, त्यावर काळी चौकोनी नक्षी, दर मुलाची वेगळी. चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी. जे उत्तर, ती बाजू वर करायची. सरांनी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा की कुणी काय उत्तर दिलं ते नावानिशी दिसतं. बाजूंची अक्षरं इतकी बारीक छापलेली असतात, की शेजाऱ्याचं बघून फिरवावं म्हटलं तरी पंचाईत. इतकं साधं, इतकं हुशार साधन मी दुसरं पाहिलं नाही.

त्यात मी माझी अक्कल घातली. कार्डं टिकावीत म्हणून चकचकीत लॅमिनेशन करून आणली. वर्गात ४० कार्डं वर झाली आणि ट्यूबलाइटच्या उजेडात ४० आरसे चमकले. कॅमेऱ्याला काही दिसेना. मी फोन उंचावून, डावीकडे झुकून, खुर्चीवर चढून पाहिलं. मुलंही कार्डं तिरकी करून बघू लागली, म्हणजे ए-चं बी आणि बी-चं सी. दोघांनी बोटं नक्षीवरच ठेवली होती. कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते गैरहजर.

"दिवे बंद करा," मी म्हणालो. खिडकीतल्या उजेडात एकेक नाव उमटू लागलं. प्रश्न होता, विमानाच्या बांधणीत वापरतात तो हलका धातू कोणता. बी, ॲल्युमिनियम.

३९ उत्तरं आली. चाळिसावं शेवटच्या बाकावरचं. दिवे गेल्याबरोबर तो गडी मागे टेकून, कार्ड तोंडावर उभं धरून झोपला होता. फोनने त्याचं कार्ड पहिल्या झटक्यात वाचलं.

बी.