1 लाखाची सजावट आणि 10 लाखांचा फायदा: होम स्टेजिंगच्या मेसेजला उत्तर

'घर विकताय? आधी होम स्टेजिंग करा' अशा शीर्षकाचा एक मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: भाड्याचं फर्निचर, नवे पडदे, दिवे, कुंड्या यांवर लाखभर रुपये घाला, किंमत 10 ते 15 टक्क्यांनी वाढेल. अमेरिकेत हे सिद्ध झालं आहे. रिकामं घर विकलं जात नाही. देवघर आणि घरच्यांचे फोटो आधी हलवा. आणि ताजा रंग मारला की घराचे दोष दिसत नाहीत. पुण्यात मी एका गृहनिर्माण सोसायटीची सचिव आहे, फ्लॅटच्या विक्रीच्या फायली माझ्या हातून जातात. विकणाऱ्यांत निवृत्त माणसं बरीच असतात आणि तो लाख रुपया त्यांच्या मुदतठेवीतून निघतो. म्हणून हे लिहिते आहे.

'अमेरिकेत सिद्ध झालं आहे.'

पुरावा म्हणून बहुतेक वेळा तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेची, नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सची, पाहणी पुढे केली जाते. पण त्या पाहणीत एजंटांनाच विचारलेलं असतं, की तुमच्या मते सजावटीमुळे किंमत किती वाढली. एकसारखी दोन घरं, एक सजवून आणि एक तसंच ठेवून, विकून पाहिलेली नसतात. लेन आणि सायलर या संशोधकांनी मात्र हे तपासून पाहिलं. त्यांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. 820 ग्राहकांना त्यांनी संगणकावर एकाच घराची सफर घडवली. कुणाला भिंती फिकट बदामी दिसल्या, कुणाला भडक जांभळ्या. कुणाला नीटस फर्निचर, कुणाला गबाळं, कुणाला नुसत्या मोकळ्या खोल्या. घर राहायला कसं वाटेल, याबद्दलची मतं या फरकांमुळे बदलली. किती पैसे द्याल, या आकड्यात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आवडणं वेगळं आणि त्यासाठी जादा पैसे मोजणं वेगळं, इतकं साधं हे आहे.

'किंमत 10 ते 15 टक्क्यांनी वाढते.'

मेसेजमधला सगळ्यात घातक दावा हाच, कारण लोक त्यावर विसंबून किंमत सांगतात आणि मग त्या आकड्यावर अडून बसतात.

आपल्याकडे रिसेल फ्लॅटची बोलणी चौरस फुटाच्या रेटवर सुरू होतात. घेणाऱ्याला त्याच इमारतीत आधी गेलेल्या फ्लॅटचा भाव ठाऊक असतो. नसेल तर नोंदलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातले उतारे, काढून पाहता येतात. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती, कितवा मजला, लिफ्ट आहे का, पार्किंग अलॉट झालंय की तोंडी आहे, उन्हाळ्यात टँकर लागतो का, इमारत जुनी असेल तर रिडेव्हलपमेंटचं काय, यावर तो रेट वरखाली होतो. भाड्याने आणलेला सोफा यातल्या एकाही गोष्टीला हात लावत नाही.

शिवाय बहुतेक घेणारे कर्ज काढतात, आणि बँकेचा व्हॅल्युएशन करणारा माणूस पडदे मोजत नाही. समजा आजूबाजूचे व्यवहार बघता फ्लॅट 80 लाखांचा आहे आणि सजावटीच्या जोरावर तुम्ही 88 लाख सांगितले. व्हॅल्युअर 80 च लिहितो. 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेने घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, म्हणजे कर्ज मिळणार जास्तीत जास्त 64 लाख. 80 ला सौदा ठरला असता तर घेणाऱ्याला पदरचे 16 लाख लागले असते; आता 24 लागतील. मुद्रांक शुल्क त्याच्यावर वेगळं. हे वरचे 8 लाख तो कुठून आणणार? फार तर टोकन देतो, बँकेचा आकडा आला की फोन उचलेनासा होतो, आणि तुमचे दोन-तीन महिने वाया जातात. मुलाकडे परदेशी जायची तिकिटं काढून ठेवलेल्या जोडप्यांची अशाने होणारी घालमेल मी जवळून पाहिली आहे.

'रिकामं घर विकलं जात नाही.'

विकलं जातं. घेणारी मंडळी टेप घेऊनच येतात. आपलं कपाट इथे बसेल का, वॉशिंग मशीनचा पॉइंट कुठे, डबल बेड लावल्यावर दार उघडेल का, हे त्यांना मोकळ्या खोलीत नीट कळतं. ओटा आणि बाथरूमच्या टाइल्स तर बहुतेक जण ताबा मिळाल्यावर बदलतातच.

'देवघर आणि फोटो काढून टाका.'

घेणाऱ्याला स्वतःचं आयुष्य तिथे कल्पता यावं, असं यामागचं कारण सांगतात. पण मराठी कुटुंब घर बघायला आलं की आजी आधी विचारते, 'देवघर कुठे केलंय?' ईशान्य कोपरा, पूर्वेचं तोंड, ओट्याची दिशा हे प्रश्न ठरलेले. मांडलेलं देवघर त्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे देतं. भिंतीवरच्या नातवंडांच्या फोटोंमुळे सौदा मोडल्याचं मी कधी पाहिलं नाही. उलट या घरात माणसं सुखाने राहिली, हे बघायला लोकांना आवडतं. जिथे 30 वर्षं संसार केला ते घर विकताना आधीच जीव तुटत असतो. त्यात आपल्या खुणा लपवायला सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं.

'ताज्या रंगाने दोष झाकले जातात.'

इथे मेसेज नुसता चुकत नाही, माणसाला अडचणीत आणतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. तो न सांगणं कपट समजलं जातं, असं त्याच कलमात लिहिलं आहे. बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल आहे, स्लॅबमधून पाणी झिरपतं, हे ठाऊक असताना वर पुट्टी आणि वॉलपेपर लावून घर दाखवायचं? जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की रंगाला फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. मग नवा मालक, जुना मालक आणि सोसायटी अशी तिघांची भांडणं सुरू होतात. त्यात वरच्या मजल्यावरचेही ओढले जातात, कारण गळतीचा उगम बऱ्याचदा त्यांच्या बाथरूममध्ये असतो. लाख रुपये घालायचेच असतील तर वॉटरप्रूफिंगवर घाला, गंजलेले पाइप बदला आणि कामाची पावती घेणाऱ्याला दाखवा.

मेसेजमधलं थोडं खरंही आहे. घर स्वच्छ हवं, माळ्यावरची अडगळ काढलेली हवी, बंद पडलेल्या ट्यूब बदललेल्या हव्यात. जाहिरातीतले फोटो सकाळच्या उजेडात, खिडक्या उघडून काढलेले असले तर घर बघायला जास्त लोक येतात. पण हे घरच्या घरी दोन-चार हजारांत होतं.

सौदे लटकतात ते कागदांवर. फ्लॅट वडिलांच्या नावावर, ते गेलेले, शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, अजून त्यांचंच नाव आणि हाताशी फक्त नॉमिनेशन. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, आणि बहीण अमेरिकेत असेल तर तिचं कुलमुखत्यारपत्र तिथून रीतसर करून मागवावं लागतं. आधीच्या करारांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराच्या पावत्या, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचा दाखला, हे सगळं बँकेचा वकील मागतोच. घर विकायचं ठरलं, की रंगाऱ्याला बोलावण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जा आणि शेअर सर्टिफिकेटवर कुणाचं नाव आहे ते बघा.