फादर्स डे आणि न वाळणारा गोंद

जूनचा तिसरा रविवार जवळ आला की आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात बाप सोडून सगळे कुजबुजायला लागतात. बापाने काही ऐकायचं नसतं. फक्त बाजारातून कार्डशीट, चकचकी, आइस्क्रीमच्या काड्या आणि गोंदाची बाटली आणून द्यायची, आणि हे सगळं कशाला असं चुकूनही विचारायचं नाही.

हा दिवस काढला अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातल्या सोनोरा स्मार्ट डॉड या बाईंनी. आई गेल्यावर वडिलांनी पोरांना एकट्याने वाढवलं, त्याची जाण म्हणून. भावना उत्तमच. त्यांना हवी होती वडिलांच्या वाढदिवसाची ५ जून ही तारीख. पण पाद्र्यांना प्रवचनं तयार करायला वेळ पुरेना म्हणून १९१० साली १९ जून ठरला. त्या पाद्र्यांनी जरा हात चालवला असता तर आमचं सगळं मृगाच्या आधी उरकलं असतं! पोर्तुगालमध्ये तर हाच दिवस १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाला असतो. मार्चच्या उन्हात गोंद बघता बघता वाळतो. पण पोर्तुगीज १९६१ साली जाताना पाव ठेवून गेले आणि कामाची तारीख तेवढी घेऊन गेले.

जूनमध्ये इथे काहीही वाळत नाही. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे पाच वर्षांच्या मुलीच्या तळहाताला फासलेला निळा रंग काय वाळणार? कार्डावर उमटायचा तो पंजा आधी फ्रिजवर उमटला, मग सोफ्यावर, मग आजीच्या लुगड्यावर. कार्डावर आला तोवर तो पंजा आहे की पणजीचा नकाशा, हे कळायला मार्ग नव्हता. कार्डाचा आकार शर्ट-टायचा. टाय मी आजवर पाहिली ती दुसऱ्यांच्या गळ्यात, तीही चर्चमधल्या लग्नांत.

मग कन्येच्या आईने मोबाइलवर पाहून दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि पाणी असा गोळा मळला. त्यावर मुलीचा अंगठा उठवून, खिळे टोचून किल्ल्या अडकवायची पट्टी केली. ओव्हनमध्ये भाजली तेव्हा दगडासारखी कडक होती. पण मीठ ते मीठच. हवेतलं पाणी पीत पीत पट्टीला घाम फुटला, आणि एका रात्री माझ्या स्कूटरची किल्ली खिळ्यासकट धपकन खाली आली. सकाळी ती कपाटाखालून काढताना मी ‘किती सुंदर!’ असंच म्हटलं. बापाला त्या आठवड्यात दुसरं वाक्य बोलायची मुभा नसते.

सगळ्यांत कहर केला मुगांनी. पुठ्ठ्यावर गोंदाने ‘बाबा’ लिहून त्यावर एकेक मूग चिकटवायचा, असा बेत. खरंच छान झालं होतं. ‘बा’चा काना तर तिने जीभ बाहेर काढून एका रेषेत लावला होता. पुठ्ठा वाळावा म्हणून तो पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी ठेवायच्या खोलीत, सुक्या बांगड्यांच्या बरणीशेजारी ठेवला. रविवारी बाहेर काढला तर पहिल्या ‘बा’ला मोड आलेले, आणि दुसरा यायच्या बेतात. वास बांगड्यांचा. आजीने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, “बाय, अजून एक दिवस ठेव गो, जेवायला मुगागाठी होतील.”

मी ते मोडांसकट भिंतीवर लावलं. भेट टाकायची सोय नाही; कन्या रोज हजेरी घेते.

त्याच आठवड्यात, २४ तारखेला, ती मैत्रिणीच्या घरी सांजांवला, म्हणजे विहिरीत उड्या मारायच्या संत जॉनच्या सणाला गेली आणि येताना डोक्यावर घालायचं कोपेल घेऊन आली. कुंपणावरच्या वेली, जास्वंदी, कसलीशी लाल पानं, सगळं तिनेच गुंफलेलं. ना गोंद, ना चकचकी. “बाबा, हे भिजलं तरी चालतं,” म्हणत तिने ते माझ्या टकलावर चढवलं. मी भारावून काही बोलणार तोच हुकूम आला, “आता विहिरीत उडी मार.”

“तो मान नव्या जावयाचा असतो,” मी म्हटलं.

“मग तू जावई नाहीस?”

“आहे तर!” स्वयंपाकघरातून आवाज आला. सावईवेऱ्याला सासऱ्यांना फोन लागलासुद्धा. विहीर काठोकाठ भरलीय, म्हणाले, लगेच या.