न्यायाधीशाला मत देताना

नाशिकहून भाच्याचा निरोप आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या फार्मसीत रात्रपाळीला होते. "आत्या, तुमच्याकडं अमेरिकेत बरंय. न्यायाधीशसुद्धा लोक निवडून देतात. इथं एमडी ड्रग विकणारे आज आत, उद्या बाहेर. दर पाच वर्षांनी मतं मागायला यावं लागलं असतं, तर दिला असता का कुणी जामीन?" सोबत त्याच्या मंडळाने आमदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा होता. मागणी एकच होती: खालच्या कोर्टातले न्यायाधीश जनतेतून निवडा.

त्याची तळमळ मला कळते. 2023च्या ऑक्टोबरात शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, कारखाना सापडला. नाशिकरोडच्या माझ्या माहेराहून ते गाव गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. त्याच सुमारास पुण्यात ससूनमध्ये उपचारासाठी ठेवलेला याच धंद्यातला आरोपी पळून गेला. पुढे फेब्रुवारी 2024मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीत एमडीचा प्रचंड साठा पकडला. गल्लीतली पोरं हाताबाहेर चाललेली दिसत असताना कोर्टावर राग निघणारच.

पण फिलाडेल्फियात मी अकरा वर्षं न्यायाधीशांना मत देते आहे. म्हणून भाच्याला जे लिहिलं, ते इथेही लिहिते.

अमेरिकेत केंद्राच्या कोर्टातले न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट त्यांना मंजुरी देते आणि ते तहहयात असतात. चोरी, मारामारी, खिशात सापडलेली पुडी हे सगळं मात्र बहुतांशी राज्याच्या कोर्टात चालतं, आणि तिथले न्यायाधीश बऱ्याच राज्यांत मतपेटीतून येतात. आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जिल्हा पातळीवरचा न्यायाधीश पहिल्यांदा पक्षाच्या चिन्हावर निवडून येतो. दहा वर्षांनी त्याच्या नावापुढे फक्त 'ठेवा' की 'नको' एवढंच विचारतात. ही निवडणूक विषम वर्षी होते, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसते आणि मतदान कमी होतं.

पहिल्यांदा मत द्यायला गेले तेव्हा पडद्यावर नावांची रांगच्या रांग होती. त्यांतलं एकही मला माहीत नव्हतं. कुणी कसा निकाल देतो हे कळायला मार्ग नव्हता, आणि प्रलंबित खटल्यांवर उमेदवारानं बोलायचं नाही हा नियम तर रास्तच आहे. दारात पक्षाच्या कार्यकर्त्याने नमुना मतपत्रिका हातात दिली. तिच्यावर खुणा केलेल्या होत्या, मी त्याच नावांना मत दिलं. आजही त्याची खंत वाटते. पुढे कळलं की मतपत्रिकेवर कुणाचं नाव वर हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. फिलाडेल्फियात त्यासाठी हॉर्न अँड हार्डार्ट या जुन्या उपाहारगृहांच्या कंपनीचा कॉफीचा डबा वापरायची प्रथा आहे, आणि ज्याचं नाव वर त्याचा फायदा होतो हे इथल्या राजकारणात सगळे धरून चालतात. उद्या एखाद्या आईच्या मुलाला किती वर्षं आत ठेवायचं हे ठरवणारा माणूस असा निवडला जातो.

भाचा म्हणेल, कसाही निवडा, लोकांचा धाक तर राहतो! धाक राहतो हे खरंच आहे. याच पेनसिल्व्हेनियातल्या हजारो शिक्षांचा अभ्यास ह्युबर आणि गॉर्डन या प्राध्यापकांनी 2004मध्ये प्रसिद्ध केला. निवडणूक जवळ येते तशी न्यायाधीशांची शिक्षा वाढत जाते, असं त्यांना आढळलं. गुन्हा तोच असतो, फरक फक्त तारखेचा. मतदानाला महिना उरला असताना पकडलं जाणं हे आरोपीचं दुर्दैव ठरावं, याला मी न्याय म्हणू शकत नाही.

आणि लोकांना कडक माणूस आवडतो. याच राज्यातल्या लुझर्न काउंटीत मार्क चिआव्हरेला हा न्यायाधीश 1995मध्ये निवडून आला. लहान मुलांच्या गुन्ह्यांत तो अजिबात दयामाया दाखवत नसे. शाळांमध्ये जाऊन तशी भाषणं करी, पालक-शिक्षक खूश असत. 2005मध्ये लोकांनी त्याला 'ठेवा' म्हणून कौल दिला. उपमुख्याध्यापकांची इंटरनेटवर टिंगल केली म्हणून एका मुलीला त्याने बालसुधारगृहात धाडलं. वकील नसलेली कितीतरी मुलं त्याच्यासमोर उभी राहिली आणि काही मिनिटांत आत गेली. मग बाहेर आलं की खाजगी सुधारगृह उभारणाऱ्या आणि चालवणाऱ्यांकडून त्याला आणि त्याच्या सहकारी न्यायाधीशाला मिळून 28 लाख डॉलर पोहोचले होते. त्याला 28 वर्षांची शिक्षा झाली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हजारो मुलांवरचे ठपके पुसले. पण ती वर्षं परत मिळाली नाहीत. मतपेटीने या माणसाला अडवलं नाही, उलट त्याच्या कडकपणाला शाबासकी दिली. हे मला विसरता येत नाही.

निवडणुकीत काहीच चांगलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. इथला सरकारी वकीलही निवडून येतो. 2017मध्ये शहराने लॅरी क्रॅस्नर यांना निवडलं आणि काही महिन्यांत त्यांनी नुसता गांजा जवळ बाळगल्याचे खटले थांबवले. खटले कुठे लावायचे हे धोरण आहे, ते लोकांनी जरूर ठरवावं. समोर उभ्या असलेल्या एका माणसाचं काय करायचं, हे गर्दीने ठरवायचं नसतं.

इथून उचलायचीच असेल, तर एक वेगळी गोष्ट आहे. 1989मध्ये मायामीत व्यसनी आरोपींसाठी उपचाराचं कोर्ट सुरू झालं, आमच्या शहरात 1997मध्ये. मी एक दिवस मागच्या बाकावर जाऊन बसले होते. हे शहर किती पोळलंय हे मला कामामुळे ठाऊक आहे. 2022 या एका वर्षात इथे ड्रगच्या अतिमात्रेने 1,400हून जास्त माणसं गेली. त्या दिवशी विशीतली एक मुलगी उभी राहिली. न्यायाधीशांनी तिची लघवीची तपासणी पाहिली, मग विचारलं, "बेकरीतली नोकरी टिकली का? आई बोलते का आता?" ती रडायला लागली. त्यांनी पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची दिली. चुकली तर रात्रभर कोठडी, पार पडली तर खटला मिटतो. तेच न्यायाधीश, तीच मुलगी, पुन्हा पुन्हा.

आपल्या कायद्यात याला जागा आहे. 1985च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64-अ प्रमाणे थोड्या प्रमाणात सापडलेला व्यसनी माणूस आपणहून उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. कलम 39 प्रमाणे कोर्ट शिक्षेऐवजी त्याला उपचाराला सोडू शकतं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986पासून उपचाराचं हेच काम करतंय. मोठ्या साठ्यासाठी तर कलम 37 आहेच. आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण दिसल्याशिवाय जामीन नाही, इतकी कडक अट. एमडीचा 'मोठा साठा' म्हणजे 50 ग्रॅमहून जास्त. तरीही सुटत असतील तर पंचनामा, सील, नमुना, साक्षीदार यांत कुठे गफलत झाली ते पोलिसांना विचारायला हवं.

आणि 2021चं मुंबईच्या क्रूझवरच्या ड्रगचं प्रकरण आठव, मी भाच्याला म्हटलं. एका बड्या नटाचा मुलगा तीन आठवड्यांहून जास्त आत होता, वाहिन्या रात्रंदिवस ओरडत होत्या. हायकोर्टाने जामीन दिला. पुढच्या मे महिन्यात त्याला पकडणाऱ्या एनसीबीनेच, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेनेच, पुरावा नाही म्हणून त्याचं नाव आरोपपत्रातून वगळलं. त्या आठवड्यात मतं मागायची असती, तर कुठल्या न्यायाधीशाने त्या जामिनावर सही केली असती?

त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "आत्या, मग निवेदनात काय लिहू?"

मी लिहिलं: जिल्ह्यात 64-अ खाली गेल्या तीन वर्षांत किती जणांना उपचाराला पाठवलं, हा आकडा मागा. जिल्हा रुग्णालयात त्यासाठी खाटा किती, ते विचारा. नमुन्यांचे अहवाल यायला किती महिने लागतात, तेही. नवा मसुदा झाला की पाठव, माझी रात्रपाळी असते, मी जागीच असते.