फ्लीटवूड मॅकचा १९७१ चा 'ग्रेटेस्ट हिट्स'

'ग्रेटेस्ट हिट्स' म्हटले की जाणकार श्रोते जरा नाक मुरडतात. मूळ अल्बम ऐकायला ज्यांना सवड नाही त्यांच्यासाठी रेकॉर्ड कंपनीने केलेली ती सोय, असा त्यांचा समज असतो आणि बहुतेक बँडच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु फ्लीटवूड मॅक या इंग्लिश बँडचा जो 'ग्रेटेस्ट हिट्स' सीबीएस कंपनीने १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये काढला, त्याला हा न्याय लावता येत नाही. ब्लूज-रॉक, म्हणजे अमेरिकी ब्लूज संगीतावर बेतलेले रॉक, ऐकू पाहणाऱ्याने या बँडची सुरुवात याच संग्रहापासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

घोळ नको म्हणून आधीच सांगतो. याच नावाचा एक संग्रह १९८८ मध्येही निघाला आणि बहुतेकांना तोच ठाऊक असतो. त्यात १९७५ नंतरची, 'रूमर्स' या त्यांच्या गाजलेल्या अल्बमच्या काळातली लोकप्रिय गाणी आहेत. बँडचा संस्थापक, गिटारवादक आणि गायक पीटर ग्रीन याचे त्यात एकही गाणे नाही. मी लिहितो आहे ते ग्रीनच्या बँडविषयी.

त्या काळी इंग्लंडमध्ये सिंगल, म्हणजे सुटी छोटी तबकडी म्हणून विकलेले गाणे शक्यतो अल्बमवर घेत नसत, कारण गिऱ्हाइकाला एकाच गाण्याचे पैसे दोनदा मोजायला लावणे बरे दिसत नसे. त्यामुळे 'ब्लॅक मॅजिक वूमन', 'अल्बाट्रॉस', 'मॅन ऑफ द वर्ल्ड', 'ओह वेल' आणि 'द ग्रीन मॅनालिशी' यांपैकी एकही गाणे बँडच्या इंग्लंडमधील मूळ स्टुडिओ अल्बमवर नव्हते. त्यातून ही गाणी तीन कंपन्यांमध्ये विखुरलेली होती: सुरुवातीची ब्लू होरायझनकडे, 'मॅन ऑफ द वर्ल्ड' इमीजिएटकडे आणि शेवटची दोन रीप्रीजकडे. ब्लू होरायझनने १९६९ मध्ये एक संग्रह काढला होता खरा, पण त्यात हा उत्तरार्ध असणे शक्यच नव्हते. म्हणजे ग्रीनच्या उत्तम रचना सलग ऐकायच्या, तर त्यासाठी १९७१ चा हा संग्रहच हवा होता.

या रचनांमधून तीन वर्षांत एका माणसाने केवढा प्रवास केला ते दिसते. लंडनच्या बेथनल ग्रीन भागात १९४६ मध्ये जन्मलेल्या ग्रीनने ब्लूज गायक जॉन मेयॉलच्या बँडमध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनची जागा घेतली आणि १९६७ च्या उन्हाळ्यात स्वतःचा बँड उभा केला. त्याला नाव मात्र दिले ते ड्रमर मिक फ्लीटवूड आणि बास वाजवणारा जॉन मॅकव्ही या दोघांचे. 'ब्लॅक मॅजिक वूमन' हे १९६८ चे गाणे इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत ३७ व्या क्रमांकाच्या पुढे सरकले नाही आणि दोनच वर्षांनी सँटाना या अमेरिकी बँडने ते जगभर पोहोचवले, त्यामुळे पुष्कळ लोक आजही ते त्यांचेच समजतात. ग्रीनचे मूळ गाणे अधिक कोरडे, अधिक अस्वस्थ आहे आणि मला तेच अधिक आवडते.

'नीड युवर लव्ह सो बॅड' मात्र कान देऊन, एकेक ओळ ऐकावे असे आहे. मूळ गाणे लिटल विली जॉनचे, १९५५ चे. ग्रीन गायला लागण्याआधी त्याची गिटार बोलू लागते, आणि पुढे प्रत्येक ओळ संपली की तिचे उत्तर गिटारच देते. तार ओढून तो सुरावर जातो ती मींड संथ असते. सूर गाठला की तो घाई न करता थांबतो आणि पुढची जागा मोकळी सोडतो. मागे व्हायोलिनचा मोठा ताफा असूनही कान त्या एका गिटारवरून हलत नाही. त्याच्या गिब्सन लेस पॉल गिटारच्या एका पिकअपमधील (तारांचा कंप टिपणाऱ्या भागातील) चुंबक उलटे बसलेले होते आणि दोन्ही पिकअप एकदम चालू केले की त्यातून पोकळ, किंचित नाकातला आवाज निघे, याची चर्चा गिटारप्रेमी आजही करतात. मला मात्र चुंबकापेक्षा तो संयम महत्त्वाचा वाटतो.

'अल्बाट्रॉस'मध्ये शब्दच नाहीत. फ्लीटवूड ड्रमवर मऊ डोक्याच्या काठ्या वापरतो, तरुण डॅनी कर्वनची गिटार ग्रीनच्या गिटारला जोड देते आणि तीन मिनिटे सगळे एकाच लयीत तरंगत राहते. जानेवारी १९६९ मध्ये ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. लगेच पाठोपाठ येणारे 'मॅन ऑफ द वर्ल्ड' ऐकताना मात्र जीव कासावीस होतो. सर्व काही मिळालेला माणूस इतक्या हळू आवाजात आपले दुःख सांगतो आणि तरीही ते गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत जाते, याचे मला नवल वाटते. ग्रीनला पैशांचे ओझे वाटू लागले होते आणि बँडने आपली कमाई दान करावी असे तो म्हणत असे. 'द ग्रीन मॅनालिशी' त्याच विषयावर आहे. मे १९७० मध्ये ते निघाले आणि त्याच महिन्यात ग्रीनने बँड सोडला. पुढे कित्येक वर्षे त्याला मानसिक आजाराने ग्रासले.

संग्रहाच्या क्रमाबद्दल माझी तक्रार आहे. पहिलेच गाणे 'द ग्रीन मॅनालिशी' ठेवल्याने शेवट आधी ऐकावा लागतो. कर्वनचे 'ड्रॅगनफ्लाय' सुंदर आहे, पण ते ग्रीन गेल्यानंतरचे. त्याच्या जागी पहिल्या अल्बममधले 'आय लव्ह्ड अनदर वूमन' असते, तर 'ब्लॅक मॅजिक वूमन'चे बीज कुठे पडले ते नवख्या श्रोत्यालाही कळले असते. शेवटी 'लव्ह दॅट बर्न्स' ठेवले आहे, ते मात्र अगदी योग्य. या गाण्याच्या मूळ अल्बमवर पियानो वाजवला आहे क्रिस्टीन परफेक्टने, जी पुढे क्रिस्टीन मॅकव्ही या नावाने याच बँडमध्ये आली आणि १९८८ च्या संग्रहातली कितीतरी गाणी जिने लिहिली. तो संग्रह ज्यांच्याकडे आहे त्यांनी तिच्यासाठी तरी हे गाणे ऐकावे, आणि मग उलट क्रमाने मागे जात 'अल्बाट्रॉस'पर्यंत यावे.