कंप्रेसरच्या पोस्टवर आलेली कमेंट आणि मडगावच्या दादांना माझं लांबलचक उत्तर

दादा, कमेंट वाचली. झणझणीत आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळीत उत्तर देऊन सटकत नाही. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. कच्च्या वाटेवर पकड मिळावी म्हणून टायरमधली हवा कमी करायची आणि डांबर लागलं की परत भरायची, त्यासाठी गाडीतच हवा भरायचा कंप्रेसर बसवा, असं मी पोस्टमधे लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं. दोन हजारांचा, गाडीच्या लायटरच्या सॉकेटमधे लावायचा पंप १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) देतो, टायरला लागतात ३०, मग गाडीत कायमचा कंप्रेसर बसवा म्हणणं हा निव्वळ शो आहे. गोवा केवढासा, अर्ध्या तासात कुठेही पेट्रोल पंप येतो. आणि मी बॉनेटखाली बसवू नका म्हणालो, तर बाहेरच्या देशात सगळे तिथेच बसवतात, हे ब्लॉगवाले काय त्यांच्यापेक्षा शहाणे का.

पहिलं आधी कबूल करून टाकतो. ज्याची गाडी वर्षातून दोनदा डांबर सोडते त्याला ऑनबोर्ड, म्हणजे गाडीत कायमचा बसवलेला, कंप्रेसर लागत नाही, हे मी पोस्टच्या वरच लिहायला पाहिजे होतं, लिहिलं नाही, चूक माझी. त्याने थेट बॅटरीला क्लिप लावायचा चांगला पोर्टेबल घ्यावा आणि उरलेल्या पैशात बरे टायर घालावे. दुसरी चूक तुम्ही पकडली नाही पण मीच सांगतो, माझा कंप्रेसर मिनिटाला ६० लिटर हवा देतो असं लिहिलं होतं ना, तो डब्यावरचा आकडा, म्हणजे पाइपाचं तोंड मोकळं असतानाचा. टायरच्या दाबाविरुद्ध तेवढी हवा कुठलंच यंत्र देत नाही.

पण १५० पीएसआयचं काय सांगता राव. तो आकडा म्हणजे पंप कुठवर ढकलू शकतो एवढंच, किती वेळात ढकलणार आणि ढकलताना जिवंत राहणार का ते त्यात नाहीच. सायकलचा हातपंपसुद्धा १०० च्या वर जातो, त्याने थारचे चार टायर भरून दाखवा, संध्याकाळची पूजा कमरेला बाम लावूनच होईल.

हिशेब साधा आहे. थारच्या २५५/६५ आर १८ मापाच्या टायरमधे अंदाजे ७० लिटर जागा असते. १६ वरून ३० पीएसआयला न्यायचं म्हणजे १४ वाढवायचे, आणि आपल्याभोवतीच्या हवेचा दाब १४.७, म्हणजे जवळजवळ टायरभर साधी हवा अजून कोंबायची, ६५-७० लिटर. चार टायरचे झाले २७० च्या आसपास. माझ्याकडे तुमच्यासारखाच लायटरवाला पंप होता, डब्यावर ३५ लिटर लिहिलेलं, घड्याळ लावून बघितलं तर एका टायरला चार मिनिटं दहा सेकंद, म्हणजे प्रत्यक्षात १६ लिटर मिनिटाला. तिसऱ्या टायरला त्याचा वास यायला लागला आणि चौथ्याला तो बंदच पडला, थंड होईपर्यंत आम्ही काजूच्या झाडाखाली बसून. आत्ताचा तेवढंच काम टायरमागे दीड मिनिटात करतो.

आता तुम्ही म्हणाल घाई कसली, बसू की झाडाखाली, तर तेही खरं, सत्तरीत मार्चमधे काजूखाली बसायला कोणाला नको असतं. पण कंप्रेसर बघताना पीएसआयच्या आधी ड्युटी सायकल बघायची ती याचसाठी. ३३ टक्के लिहिलं असेल तर तासातली वीस मिनिटं चालवायचं आणि चाळीस मिनिटं गार होऊ द्यायचं. हा आकडा बहुतेक वेळा १०० पीएसआयला मोजलेला असतो, ३० ला थोडी जास्त सूट मिळते. आणि डब्यावर ड्युटी सायकल लिहिलेलीच नसेल तर ती काय असणार ते समजून घ्यायचं. एआरबी कंपनीचा जुळ्या सिलिंडरचा कंप्रेसर १०० टक्क्यांचा आहे, सतत चालतो, पण किंमत आणि करंट दोन्ही दणदणीत, आपल्यातल्या बहुतेकांना एवढा नकोच.

खाणी जोरात चालू होत्या तेव्हाचे, म्हणजे २०१२ च्या आधीचे, डिचोली-साखळीचे टिपर आठवतात का? ड्रायव्हर ब्रेकच्या हवेच्या टाकीला पाइप लावून टायरमधे हवा भरायचा, केबिनमधली लाल धूळ उडवायचा, कोणाच्या स्कूटरलाही हवा मारून द्यायचा. त्या ट्रकचा कंप्रेसर इंजिनवर चालतो, त्याला इंजिनचंच तेल मिळतं, म्हणून दिवसभर चालला तरी कुरकुरत नाही. आपला १२ व्होल्टचा बिनतेलाचा, मुठीएवढी मोटर, पिस्टनवर टेफ्लॉनची रिंग. त्याच्याकडून ट्रकची अपेक्षा केली की तो जळणारच, त्याची काय चूक.

पेट्रोल पंप अर्ध्या तासावर, मान्य. पण तो अर्धा तास कसा काढणार? १६ पीएसआयवर डांबरावर पन्नास-साठने गाडी पळवली की टायरच्या भिंती वाकून वाकून तापतात, आतून फाटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वळणावर रिमवरून टायर निसटायची भीती वेगळी. माझ्या मावसभावाच्या बागायतीत जायची वाट म्हणजे जांभ्याची सुटी खडी आणि खडा चढ, खाली उतरून केरीला डांबर लागतं तिथे हवा भरल्याशिवाय मी पुढे जात नाही. आणि पंपावर पोचल्यावर हवेचं मशीन चालू असेल आणि ते चालवणारा पोरगा जेवायला गेला नसेल याची ग्यारंटी तुम्ही देता का दादा? बीचवर मजा करा म्हणालात तेवढं मात्र सोडून द्या, गोव्यात बीचवर गाडी घालायला बंदी आहे, दंड होतो, आणि व्हायलाच पाहिजे.

आता वायरिंग, कारण खरी माती तिथेच होते आणि कमेंटमधे त्यावर तुम्ही चकार शब्द काढला नाही. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज असतो १५-२० अँपिअरचा. १५ धरला तर १२ व्होल्टला १८० वॅट, एवढ्यात जेवढं होईल तेवढंच होणार, म्हणून ते पंप जन्मतःच हळू. बरा कंप्रेसर ३० अँपिअरपर्यंत ओढतो, त्याला बॅटरीवरून थेट जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, मधे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि डॅशबोर्डच्या स्विचने फक्त रिले चालवायचा. माझी पहिली फिटिंग एका वायरिंगवाल्याने ४ स्क्वेअर एमएमच्या वायरने केली होती, बॅटरी पुढे आणि कंप्रेसर मागे डिकीत, जाऊन येऊन आठ मीटर. ३० अँपिअरला त्यात एक व्होल्ट वायरमधेच खपतो. १० स्क्वेअरला तोच ०.४ वर येतो. एक व्होल्टने काय होतं असं मलाही वाटलं होतं, पण मोटर मंद चालते, जास्त वेळ चालते, जास्त तापते, आणि फ्यूजचं प्लास्टिक मऊ होऊन त्याचा हलवा होतो. फोटो जुन्या पोस्टमधे आहे. आणि हवा भरताना इंजिन चालू ठेवा, म्हणजे अल्टरनेटर करंट देतो आणि घरी जाताना धक्का मारावा लागत नाही.

बॉनेटखालच्या जागेबद्दल. बाहेरचे लोक तिथे बसवतात हे खरं, त्यांच्या मोठ्या गाड्यांत एक्झॉस्टपासून लांब रिकामा कोपरा असतो, कंपन्या त्या जागेसाठी तयार ब्रॅकेट विकतात. तिथे जागा असेल तर बसवा, माझं भांडण नाही. माझ्या गाडीत उरलेली एकच जागा एक्झॉस्टच्या बाजूला होती, लो रेंजमधे, म्हणजे फोर बाय फोरच्या हळू पण जोरदार गिअरमधे, चढ चढून आलं की तिथे हात लावता यायचा नाही, कंप्रेसर चालू करायच्या आधीच निम्मा तापलेला आणि दुसऱ्या टायरला थर्मल कट मारून, म्हणजे जास्त तापल्यामुळे आपोआप बंद होऊन, गप्प. म्हणून आता ड्रायव्हर सीटखाली. आवाज होतो, बायको म्हणते पिठाची गिरणी लावलीय, पण चालतो.

शिवाय आपला पाऊस विसरू नका. पणजीलाच वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, किनाऱ्याला खारी हवा, आतल्या बाजूला लाल धूळ. कंप्रेसर कुठेही बसवा, हवा खेचायचा फिल्टर तरी पाइप काढून उंच कोरड्या जागी न्या, ओहोळातून गाडी घातली आणि त्याने पाणी ओढलं तर संपलं. हवा साठवायची टाकी का सांगितली नाही असंही विचारलंत. टायर रिमवर परत बसवायला एकदम भसकन हवा लागते, तेव्हा टाकी कामाची. नुसतं टायर भरायला तिची गरज नाही, आणि आपल्या दमट हवेत तिच्यात पाणी साठतं, पावसाळ्यात आठवड्याला खालचा नळ सोडला नाही तर आतून गंजते. एअर लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं, हवेच्या दाबावर चालणारं लॉक) घातला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कंप्रेसर हा हौसेचा भागच नाही.

एक गोष्ट पोस्टमधे राहिली होती ती इथे घालतो. बाहेरून आलेल्या कंप्रेसरचे आटे बहुतेक एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे, असतात आणि म्हापशाच्या हार्डवेअरमधे मिळणारं पाव इंची फिटिंग बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचं. एकाला इंचात १८ आटे, दुसऱ्याला १९. दोन वेढे छान बसतं, वाटतं जमलं, मग अडकतं, आणि टेफ्लॉन टेपचा अख्खा रोल गुंडाळला तरी साबणाच्या पाण्यात बुडबुडे येतातच. मी दोन रविवार घालवलेत यात. आणि कंप्रेसरमधून निघणारा पहिला हातभर पाइप जाळीवाला घ्या, साधा निळा पाइप तिथे गरम हवेने फुगतो.

शो-ऑफवाला शेरा घ्या परत किंवा घेऊ नका, पण एक करा. चवथीनंतर पाऊस ओसरला की डिचोलीला या, तुमचा पंप घेऊन. दोन टायर तुमचे, दोन माझे, घड्याळ तुमच्याच हातात. तुमचा आधी झाला तर ही पोस्ट काढून टाकतो आणि भजी-पाव माझ्याकडून. तेवढा फ्यूज एक जास्तीचा आणा.